एकशे एक चालींचा डाव

जुलैचा दुसरा पंधरवडा हा गोंदिया जिल्ह्यात रोवणीचा काळ. आमगाव असो, तिरोडा असो की अर्जुनी मोरगाव, धानाच्या बांध्यांत पाणी भरलेले असते, पऱ्ह्यांच्या जुड्या बांधावर पडलेल्या असतात आणि बायकांची रांग चिखलात वाकून रोपे लावीत पुढे सरकत असते. २०२५ सालची २३ जुलै ही तारीख याच दिवसांतली. चातुर्मास सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या दिवशी काळ्या समुद्राच्या काठावर, जॉर्जिया देशातील बाटुमी शहरात, नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख बुद्धिबळाच्या पटासमोर बसली आणि एकशे एक चालींनंतर उठली. महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतील तो डाव तिने जिंकला. या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचणारी ती पहिली भारतीय ठरली.

विश्वचषकाचा विजय सर्वांना ठाऊक आहे. विमानतळावरचे स्वागत आणि सत्कार घरोघरी पाहिले गेले. पण त्या विजयाआधीचा हा लांबलचक डाव फारसा चर्चिला गेला नाही. ज्या घरांत मुले नुकती पट मांडू लागली आहेत, त्या घरांनी खरे तर हाच डाव समजून घ्यावा, इतके त्यात शिकण्यासारखे आहे. डावाची सुरुवात कशी करावी, तिच्यावर किती भिस्त ठेवावी आणि हातातली बाजी विस्कटू लागली तर काय करावे, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात.

आधी प्रसंगाचे वजन. या विश्वचषकात १०७ खेळाडू उतरल्या होत्या. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे दोन खेळाडूंत पारंपरिक वेळेचे दोन डाव. त्यांत बरोबरी झाली तर जलद डाव. हरणारीने घरी जायचे. मानांकनात दिव्या पंधरावी होती. चौथ्या फेरीत तिने दुसऱ्या मानांकित चीनच्या झू जिनेरला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत भारताच्याच द्रोणवल्ली हरिकाला. उपांत्य फेरीत समोर आली तान झोंगयी. २०१७ साली महिलांचे जगज्जेतेपद मिळवलेली आणि २०२५ च्या वसंतात त्याच किताबासाठी पुन्हा लढलेली ही चिनी खेळाडू. अनुभव, मानांकन, नाव, सर्वच बाबतींत ती वरचढ. पहिल्या दिवशी दिव्याकडे काळी मोहरी होती आणि तो डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी पांढरी मोहरी तिच्या वाट्याला आली. या एका डावावर दोन गोष्टी अवलंबून होत्या: विश्वचषकाची अंतिम फेरी आणि जगज्जेत्या खेळाडूचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेतील जागा.

डावाची पहिली चाल साधी होती. दिव्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवले. उत्तरादाखल तान झोंगयीने वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे ढकलले. या उत्तराला सिसिलियन बचाव म्हणतात. नाव बचावाचे असले तरी वृत्ती बचावाची नाही. काळ्याने पांढऱ्याची नक्कल करण्याचे नाकारले, पटाच्या मध्यभागावर बाजूने नजर ठेवली आणि पहिल्याच चालीत सांगून टाकले की डाव समतोल, शांत राहणार नाही. दोन्हीकडून झुंज होईल. जिंकण्याची इच्छा असणारे खेळाडू काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन खेळतात ते यासाठीच.

यापुढे पांढऱ्यासमोर दोन रस्ते असतात. पहिला राजरस्ता. घोडा बाहेर काढायचा, वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे द्यायचे, मारामारी होऊ द्यायची आणि मोकळ्या पटावर हल्ला चढवायचा. या रस्त्याला पुढे नायडॉर्फ, ड्रॅगन, शेवेनिंगेन, स्वेश्निकोव्ह अशा कितीतरी शाखा फुटतात आणि एकेका शाखेवर जाडजूड पुस्तके लिहिली गेली आहेत. काही शाखांत वीस-वीस चाली आधीच अभ्यासलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्याने आपल्यापेक्षा एक चाल अधिक पाठ केली असेल तर बुद्धी चालवण्याआधीच डाव हातचा जाण्याचा धोका असतो.

दुसरा रस्ता आडवाटेचा. पांढरा दुसऱ्या चालीत वजिराकडील उंटापुढचे आपले प्यादे फक्त एक घर पुढे देतो. एवढीशी चाल, दिसायला भित्री. ना घोडा बाहेर आला, ना उंट. पण तिच्यामागचा विचार पक्का आहे. पुढच्या चालीत वजिरापुढचे प्यादे मध्यभागी दोन घरे येईल. काळ्याने ते मारले तर हेच छोटे प्यादे परत मारून मध्यभागी त्याची जागा घेईल. मग पटाच्या ऐन मध्यात पांढऱ्याची दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी राहतील. घराचा चौथरा आधी घालावा आणि भिंती नंतर उभाराव्यात, तसे हे काम. या पद्धतीला आलापिन प्रकार म्हणतात. रशियन साम्राज्यातील खेळाडू सेम्यॉन आलापिन (१८५६ ते १९२३) यांच्यावरून हे नाव पडले. उपांत्य फेरीच्या दुसऱ्या डावात दिव्याने हीच आडवाट धरली.

प्रत्येक सोयीची किंमत असते, तशी या चालीचीही आहे. ज्या घरावर ते छोटे प्यादे बसते, ते घर खरे तर वजिराकडील घोड्याचे. घोड्याची हक्काची जागा प्याद्याने अडवली की काळा निर्धास्त होतो. तो आपला वजीर लवकर पटाच्या मध्यात आणून बसवू शकतो, कारण त्याला हुसकावून लावणारा घोडा वेळेवर येऊ शकत नाही. काळ्याचा दुसरा उपाय म्हणजे राजाकडील घोडा बाहेर काढून पांढऱ्याच्या राजापुढच्या प्याद्यावर हल्ला करणे. पांढरा ते प्यादे पुढे ढकलतो, काळ्याचा घोडा मध्यभागी जाऊन बसतो आणि मग त्या पुढे गेलेल्या प्याद्याभोवती डाव फिरू लागतो. काळ्याच्या या दोन्ही उत्तरांनंतर पुष्कळदा एक ठरावीक मांडणी तयार होते: पांढऱ्याचे वजिरापुढचे प्यादे मध्यभागी एकटेच उरते आणि त्याच्या डाव्या-उजव्या पट्टीवर त्याला आधार देणारे दुसरे प्यादे राहत नाही.

या एकाकी प्याद्याचा स्वभाव बुद्धिबळ शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने जाणून घ्यावा. पटावर मोहरी भरपूर असतात तोवर हे प्यादे बळ देते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मोकळ्या असतात, हत्तींना रस्ता मिळतो, घोड्याला पुढचे ठाणे मिळते, हल्ला रंगतो. मोहरी मारली जाऊन पट रिकामा होऊ लागला की मात्र तेच प्यादे ओझे होते, कारण त्याचे रक्षण मोठ्या मोहऱ्यांनाच करावे लागते. मध्यंतरातले बळ अखेरीस दुबळेपण ठरते. तेव्हा आलापिन खेळणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवून ठेवावे लागते की हल्ला केव्हा करायचा, अदलाबदल केव्हा टाळायची आणि केव्हा स्वीकारायची. नुसत्या पाठांतराने हे ठरत नाही.

आलापिन प्रकाराच्या इतिहासात दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. पहिली रशियाचे ग्रँडमास्टर येवगेनी स्वेश्निकोव्ह यांची. सिसिलियन बचावातील एका अतिशय धाडसी शाखेला त्यांचे नाव आहे. काळ्या मोहऱ्यांनी ते ती शाखा हिरिरीने खेळत. पण पांढरी मोहरी हाती आली की हेच स्वेश्निकोव्ह सिसिलियनला आलापिनचे छोटे प्यादे पुढे करून उत्तर देत आणि त्या पद्धतीचे ते मोठे पुरस्कर्ते होते. सिसिलियनची ताकद आतून ओळखणाऱ्या माणसाने तिच्याविरुद्ध ही आडवाट पसंत करावी, यातच त्या वाटेची पारख झाली.

दुसरी गोष्ट १९९६ सालची. त्या वर्षी १० फेब्रुवारीला अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएम कंपनीचा डीप ब्लू हा संगणक यांच्यात सामना सुरू झाला. पहिल्याच डावात कास्पारोव्हने सिसिलियन स्वीकारला आणि संगणकाने दुसऱ्या चालीत आलापिनचे प्यादे एक घर पुढे दिले. काळ्याचा वजीर मध्यात आला, पांढऱ्याचे मधले प्यादे एकाकी झाले, आणि सदतिसाव्या चालीअखेर कास्पारोव्हने हार मानली. पारंपरिक वेळेच्या डावात विद्यमान जगज्जेत्याला संगणकाने हरवण्याची ती पहिली वेळ. सामना मात्र कास्पारोव्हनेच ४–२ असा जिंकला. पहिल्या डावातील पराभवानंतर त्याने रागाच्या भरात काही केले नाही. संगणकाचा खेळ नीट अभ्यासला आणि पुढचे डाव त्याला अवघड जाणाऱ्या, संथ मांडणीत नेले. जगज्जेत्यालाही एक डाव हरल्यावर पुन्हा शिकायला बसावे लागते, हे त्या सामन्यात दिसले.

आता पुन्हा बाटुमीकडे. आलापिन पद्धतीने दिव्याला हवे होते ते मिळाले: ओळखीचा पट, पुस्तकी कोंडीतून सुटका आणि प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या बुद्धीने खेळायला लावणारी स्थिती. डाव पुढे सरकला तसा तिने वरचष्माही मिळवला. मग गुंतागुंत झाली. डाव संपल्यावर तिने स्वतःच मोकळेपणाने सांगितले की आपण याहून पुष्कळ चांगले खेळू शकलो असतो. एका टप्प्यावर विजय हाताशी होता, पण डावाच्या मध्यात आपल्या हातून गोंधळ झाला. प्रतिस्पर्ध्याने चिवट झुंज दिली आणि शेवटी नशिबाने साथ दिली. ऐतिहासिक विजयानंतर काही मिनिटांत एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या खेळाचे असे मोजमाप करावे, याचे मोल विजयाइतकेच आहे.

त्या गुंतागुंतीत काय पणाला लागले होते, ते घड्याळाच्या हिशेबातून कळते. या स्पर्धेत पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येक खेळाडूला ९० मिनिटे मिळत, त्यानंतर आणखी ३० मिनिटे, आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर. या हिशेबाने १०१ चालींच्या डावात एकीच्या वाट्याला जास्तीत जास्त दोन तास पन्नास मिनिटे येतात. दोघींची मिळून साडेपाच तासांहून अधिक. पण ही वेळ सारखी वाटलेली नसते. विचार करायला सवड असते ती सुरुवातीला. डाव लांबतो तशी शिल्लक आटते आणि शेवटी खेळाडू चालीमागे मिळणाऱ्या त्या अर्ध्या मिनिटावर जगू लागतो. अर्ध्या मिनिटात पट पाहायचा, धोका ओळखायचा, चाल ठरवायची, मोहरे हलवायचे, घड्याळ दाबायचे आणि नियमाप्रमाणे ती चाल कागदावर नोंदवायची. पुन्हा पुढची चाल. समोर माजी जगज्जेती. आणि मनात एकच टोचणी: मघाशी जिंकत होतो, आता पुन्हा पहिल्यापासून झगडावे लागत आहे.

बुद्धिबळातील सर्वांत कठीण क्षण हाच असतो, असे जाणकार सांगतात. हरत आलेला डाव वाचवणे त्या मानाने सोपे, कारण गमावण्यासारखे काही उरलेले नसते. जिंकत आलेला डाव निसटू लागला की मन मागे जाते. त्या चालीऐवजी ही चाल केली असती तर, हा विचार डोके सोडत नाही, आणि तो विचार चालू असतानाच पुढची चूक होते. पटावरचे मोहरे मात्र मागचे काही जाणत नाही. पटावर फक्त आताची स्थिती असते. त्या स्थितीकडे कोऱ्या नजरेने पाहणे ज्याला साधते, तो टिकतो. दिव्याला ते साधले. चाळिसावी चाल गेली, साठावी गेली, ऐंशीवी गेली. शेवटी एकशे एकाव्या चालीनंतर तान झोंगयीच्या बाजूचा प्रतिकार संपला.

धान पिकवणाऱ्या जिल्ह्याला ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. रोवणी वेळेवर साधली, ओळी सरळ लागल्या, म्हणून धान घरात आले असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. रोवणीनंतर पावसाची उघडीप आहे, कीड आहे, निंदण आहे, आणि लोंब्या भरल्यावर येणारा अवकाळी पाऊस आहे. तरीही रोवणी नीट करावीच लागते, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच नाही. बुद्धिबळातील सुरुवात म्हणजे डावाची रोवणी. ती चांगली झाली तर पुढच्या कष्टांना अर्थ येतो. कष्ट चुकत नाहीत.

उपांत्य फेरीनंतर दोन दिवसांनी, २६ जुलैला, अंतिम फेरी सुरू झाली. समोर होती कोनेरू हंपी. दोन भारतीय खेळाडू विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आमनेसामने येण्याचा हा प्रसंग अपूर्व होता. हंपीने ग्रँडमास्टर किताब मिळवला तो २००२ साली. दिव्याचा जन्म २००५ च्या डिसेंबरातला. म्हणजे समोरची खेळाडू ग्रँडमास्टर झाली तेव्हा ही जन्मलीही नव्हती. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले: प्रत्येकी १५ मिनिटे आणि चालीमागे १० सेकंद. पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती आणि वेळेच्या ताणाखाली हंपीकडून चुका झाल्या. दिव्याने तो डाव जिंकला, सामना २.५–१.५ असा तिच्या नावावर झाला. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी ठरावीक गुणमर्यादा गाठावी लागते आणि तीन स्पर्धांत पात्रता निकष पूर्ण करावे लागतात. बाटुमीला जाताना दिव्याकडे एकही निकष पूर्ण झालेला नव्हता. विश्वचषक जिंकल्यामुळे तिला हा किताब थेट मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर आणि हंपी, हरिका व वैशाली यांच्यानंतर हा किताब मिळवणारी चौथी भारतीय महिला.

हा विजय ज्या देशात मिळाला, त्याचेही औचित्य आहे. जॉर्जियात महिलांच्या बुद्धिबळाची परंपरा मोठी. तिथल्या नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षे जगज्जेत्या होत्या आणि १९७८ साली ग्रँडमास्टर किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. महाराष्ट्राकडेही आपली परंपरा आहे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा मुंबईच्या वासंती खाडिलकर विजेत्या ठरल्या. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनी पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. मुलीने पटासमोर बसणे ज्या काळी नवलाचे होते, त्या काळी या तीन बहिणींनी वाट पाडली. त्या वाटेवर पन्नास वर्षांनंतर विदर्भाची मुलगी विश्वचषकापर्यंत गेली.

ती एका दिवसात गेली नाही. दिव्याचे आई-वडील दोघेही डॉक्टर. घरात खेळाचे वातावरण असले तरी बुद्धिबळाचा वारसा नव्हता. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास ती पटाकडे वळली. २०१२ साली सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद, २०१४ साली डर्बन येथे दहा वर्षांखालील जागतिक विजेतेपद, २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील. मग २०२२ मध्ये राष्ट्रीय महिला अजिंक्यपद, २०२३ मध्ये आशियाई, २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद आणि त्याच सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघासोबत सुवर्ण, शिवाय तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्ण. नागपुरात तिला घडवणारे प्रशिक्षक राहुल जोशी २०२० साली अकाली निवर्तले. आपल्या शिष्येचा हा दिवस त्यांना पाहता आला नाही. पण पटावर शिकवलेले वाया जात नाही. ते शिष्याच्या चालींतून पुढे खेळत राहते.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि आता दिव्या, असे तीन ग्रँडमास्टर त्या एका शहराने दिले. तेव्हा गोंदियाच्या व्यापारी पेठेतील, राइस मिलच्या आवारातील किंवा देवरी-सालेकशाच्या शाळेतील एखाद्या घराला वाटले की आपल्या मुलीनेही पट मांडावा, तर ते स्वप्न आता आवाक्याबाहेरचे राहिलेले नाही. प्रश्न आहे तो मार्गाचा, आणि इथेच पुष्कळ पालकांची घाई होते.

शिकवणीला पाठवल्यावर पालक पहिल्या महिन्यात विचारतात, कोणती ओपनिंग शिकवता? मुलाला दहा-पंधरा चाली तोंडपाठ येतात, नातेवाइकांसमोर तो त्या धडाधड मांडून दाखवतो आणि घर सुखावते. मग स्पर्धेत समोरचा मुलगा तिसऱ्याच चालीत पुस्तकाबाहेरची चाल करतो आणि आपले मूल गांगरते. क्यूबाचे जगज्जेते होसे राऊल कॅपाब्लांका यांनी १९२१ साली लिहिलेल्या ‘चेस फंडामेंटल्स’ या पुस्तकाची सुरुवात डावाच्या अखेरच्या टप्प्यातील साध्या स्थितींपासून केली आहे: थोड्या मोहऱ्यांनी मात कशी द्यावी, एक प्यादे शेवटच्या घरापर्यंत नेऊन त्याचा वजीर कसा करावा. मोहरी कमी असली म्हणजे प्रत्येकाची ताकद स्पष्ट दिसते. ती समजली की गर्दीतला डावही समजू लागतो. एकशे एक चालींचा डाव जिंकला जातो तो या शिदोरीवर.

म्हणून नवशिक्या मुलाने पांढऱ्या मोहऱ्यांची एक आणि काळ्या मोहऱ्यांची एक किंवा दोन अशा मोजक्याच सुरुवाती घ्याव्यात. त्यांतील प्रत्येक चाल कशासाठी, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. आलापिनचे ते छोटे प्यादे एक घर का गेले, त्याने काय मिळाले, घोड्याची जागा गेली ती कशी भरून काढायची, हे जे मूल आजीला समजावून सांगू शकते, त्याला ती सुरुवात आली असे म्हणावे. सरावासाठी खर्चही फार लागत नाही. एक साधा पट, दोन वह्या आणि लिचेससारखे पूर्णपणे मोफत संकेतस्थळ एवढ्यावर पहिली काही वर्षे निभतात. मोबाइलवर तीन मिनिटांचे डाव तासन्‌तास खेळण्यापेक्षा घरी आठवड्यातून दोनदा एक-एक तासाचा डाव, चाली लिहीत, शांतपणे खेळलेला बरा.

त्या लिहिलेल्या वहीला सोन्याचे मोल आहे. डाव हरला की मूल वही बंद करू पाहते. पालकांनी तेव्हा रागावू नये आणि खोटी समजूतही घालू नये. थोडी विश्रांती, चार घास, आणि मग वही उघडून एवढेच विचारावे: कोणत्या चालीपर्यंत डाव ठीक होता? मुलाने ती चाल स्वतः शोधली की अर्धे काम झाले. जिंकलेल्या डावाबद्दलही हाच प्रश्न विचारावा. दिव्याने उपांत्य फेरी जिंकल्यावर आपल्या गोंधळाची कबुली दिली ती याच सवयीतून. जिंकल्यावरही जो आपली चूक पाहतो, त्याला पुढच्या डावात ती चूक आधी दिसते.

आणि एक गोष्ट स्पर्धेच्या दाराबाहेर उभे राहणाऱ्या पालकांसाठी. आतून मूल बाहेर येते तेव्हा पहिला प्रश्न बहुधा निकालाचा असतो. तो प्रश्न मुलाने पुढच्या डावात पटापर्यंत वाहून नेलेला असतो. चालीमागच्या अर्ध्या मिनिटात त्याला पट पाहायचा असतो. आई-बाबा काय म्हणतील, हे पाहायला तिथे वेळ नसतो. शांत घर हे मुलाच्या बाजूने खेळणारे एक मोहरे आहे.

प्रत्येक घरातून ग्रँडमास्टर निघणार नाही, निघण्याची गरजही नाही. पण पहिली चाल विचारपूर्वक करावी, मिळालेल्या बाजीचा ताठा नसावा, ती निसटली तर मागे वळून हळहळत न बसता समोरच्या पटाकडे नव्याने पाहावे आणि डाव संपेपर्यंत उठू नये, एवढे जरी मुलांनी उचलले तरी बुद्धिबळाने आपले काम केले. दुकानाच्या गल्ल्यावर, परीक्षेच्या बाकावर किंवा धानाच्या बांधीत त्यांना ते कधी ना कधी उपयोगी पडेल.